रोमन नाण्यांवरील अपवादात्मक सम्राट-मुखाकृती : अल्पव्ययी संग्रहाचे एक सूत्र

प्राचीन रोमन नाण्यांचा संग्रह हा श्रीमंतांचा छंद आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. सोन्याचे ‘आउरेउस’ किंवा पहिल्या शतकातील सीझरांची उत्तम स्थितीतील रौप्यनाणी डोळ्यांपुढे ठेवली, तर ही समजूत खोटी म्हणता येणार नाही. परंतु नाण्याची किंमत आणि नाण्यापासून होणारा बोध या दोन गोष्टी एकाच प्रमाणात वाढतात, असे मानण्यास आधार नाही. बाजारातील किंमत धातू, दुर्मिळता, सम्राटाची कीर्ती आणि नाण्याची स्थिती यांवरून ठरते. अभ्यासकाच्या दृष्टीने नाण्याचे मोल ते अन्य नाण्यांहून कोणत्या बाबतीत व का वेगळे आहे, यावरून ठरते. प्रस्तुत लेखात, मोजक्या पैशांत जमविता येणाऱ्या परंतु सम्राटाची मुखाकृती नेहमीहून वेगळी असणाऱ्या नाण्यांचा विचार केला असून, असा संग्रह कोणत्या तत्त्वावर उभारावा आणि त्यात कोणती जबाबदारी अनुस्यूत आहे, याचे विवेचन केले आहे.

१. नियम आणि अपवाद

अपवाद ओळखावयाचा तर प्रथम नियम माहीत असला पाहिजे. ऑगस्टसपासून सुमारे चार शतके रोमन नाण्याच्या दर्शनी बाजूवर सम्राटाचे मस्तक अथवा अर्धप्रतिमा एका बाजूने दाखविलेली असते आणि तिचे तोंड बहुधा नाणे पाहणाराच्या उजव्या हाताकडे असते. मस्तकावर विजयमाला, किरणमुकुट किंवा पुढील काळात मोत्यांची पट्टी असते. खांद्यावर वस्त्र वा चिलखत असते. भोवती सम्राटाचे नाव व पदव्या प्रथमा विभक्तीत कोरलेल्या असतात. हे चित्र इतक्या वेळा पुनरावृत्त झाले आहे की, पाहणाराचे लक्ष त्याकडे वेधतच नाही. ते केवळ ‘हे अधिकृत नाणे आहे’ एवढेच सांगते.

प्राग संप्रदायाच्या भाषाशास्त्रज्ञांनी चिन्हित आणि अचिन्हित असा जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. मराठीत ‘वाघ’ हा शब्द संपूर्ण जातीचाही वाचक आहे आणि नराचाही. ‘वाघीण’ मात्र मादीखेरीज दुसरा अर्थ देत नाही. पहिला शब्द अचिन्हित, दुसरा चिन्हित. चिन्हित रूप वापरले की बोलणाराने काही तरी मुद्दाम सांगितले आहे, असे ऐकणारा समजतो. उजवीकडे पाहणारी मुखाकृती ही रोमन नाण्यावरील अचिन्हित मुखाकृती होय. तीच डावीकडे वळली, तिच्या हाती भाला किंवा राजदंड आला, डोईवर पदर आला अथवा ती समोरून पाहू लागली, की ती चिन्हित होते. मग ‘असे का?’ हा प्रश्न विचारता येतो, आणि संग्रहाचा अभ्यास होऊ लागतो.

यावरून अल्पव्ययी संग्राहकासाठी पहिले सूत्र हाती येते : एकेकटे विलक्षण नाणे शोधू नये, नेहमीचे आणि वेगळे अशी जोडी शोधावी. ज्याच्यापाशी केवळ अपवाद आहेत, त्याच्यापाशी कुतूहलाच्या वस्तू आहेत. ज्याच्यापाशी नियम आणि अपवाद दोन्ही आहेत, त्याच्यापाशी पुरावा आहे.

२. स्वस्ताईचे कारण

अशी नाणी स्वस्त का मिळतात, याचे उत्तर रोमन अर्थव्यवस्थेच्या इतिहासात आहे. इ. स. २१५ मध्ये कॅराकॅलाने ‘आंतोनिनिआनुस’ या नावाने आज ओळखले जाणारे नवे रौप्यनाणे प्रचारात आणले. ते दोन दिनारांच्या मोलाचे मानले जाते. त्याची ओळख सम्राटाच्या डोक्यावरील सूर्यासारखा किरणमुकुट ही होती. सम्राज्ञीच्या नाण्यावर याच मोलाची खूण म्हणून अर्धप्रतिमेखाली चंद्रकोर असे. म्हणजे मुखाकृतीचा एक अवयव नाण्याचे मूल्यही सांगत होता. पुढील अर्धशतकात युद्धे, बंडाळ्या आणि सैन्याचे वेतन यांचा भार वाढत गेला; त्याबरोबर या नाण्यातील चांदी घटत जाऊन गॅलिएनस व दुसरा क्लॉडियस यांच्या काळी ते जवळजवळ तांब्याचेच झाले. इ. स. २७४ मध्ये ऑरेलियनने सुधारणा केली. त्यानंतरच्या अनेक नाण्यांवर आढळणारा एकविसाचा अंक, वीस भाग तांबे व एक भाग चांदी या प्रमाणाचा निदर्शक असावा, असे सामान्यतः मानले जाते.

कमकस नाणे प्रचंड संख्येने पाडावे लागते, आणि अस्थिर काळात लोक ते भांड्यांत घालून जमिनीत पुरून ठेवतात. ज्यांनी पुरले ते सर्वच परत येत नाहीत. तिसऱ्या व चौथ्या शतकांतील नाणी आज विपुल आहेत, त्याचे कारण हे. एका साम्राज्याची विपत्ती ही अशा रीतीने आजच्या सामान्य अभ्यासकाची सोय झाली आहे.

३. प्रोबसची नाणी : एक प्रात्यक्षिक

वरील सूत्राचा प्रत्यय घेण्यास सम्राट प्रोबस (इ. स. २७६–२८२) याच्या नाण्यांइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. सहा वर्षांच्या राज्यकालात रोम, लुग्दुनुम, तिकिनुम, सिस्किया, सेर्दिका, किझिकुस इत्यादी टाकसाळींतून त्याची नाणी निघाली आणि त्यांवरील मुखाकृतींचे वैविध्य असाधारण आहे. पर्सी वेब यांनी सिद्ध केलेल्या व १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचिखंडात या मुखाकृतींचे वर्ग पाडून त्यांना अक्षरे द्यावी लागली, यावरून त्याची कल्पना येईल.

यांपैकी तीन प्रकार सहज मिळण्याजोगे आहेत. पहिला, नेहमीचा : किरणमुकुटधारी अर्धप्रतिमा, उजवीकडे तोंड. दुसऱ्यात सम्राट डावीकडे वळलेला असून त्याच्या अंगावर भरजरी राजवस्त्र आहे आणि हाती गरुडशीर्ष राजदंड आहे. हा कॉन्सलपदाच्या समारंभाशी निगडित वेष होय. तिसऱ्यात तो पुन्हा डावीकडेच पाहतो, परंतु आता डोक्यावर किरणमुकुटासह शिरस्त्राण आहे, खांद्यावर भाला आहे आणि पुढे ढाल आहे. एकच माणूस एकदा शासनप्रमुख म्हणून आणि एकदा योद्धा म्हणून पुढे येतो. तिन्ही नाणी शेजारी मांडली, म्हणजे साम्राज्याने सम्राटाकडून केलेल्या दोन अपेक्षा स्पष्ट दिसतात.

शिलालेखांच्या व भाषेच्या अभ्यासकास याहून महत्त्वाची गोष्ट मुखाकृतीभोवतीच्या लेखात आढळेल. नेहमीच्या नाण्यावर ‘इम्प. सी. एम. आउर. प्रोबुस पी. एफ. आउग.’ असा प्रथमान्त लेख असतो. चित्र आणि नाव यांचा संबंध सरळ असतो : हा प्रोबस. शिरस्त्राणधारी मुखाकृतीच्या काही नाण्यांवर मात्र ‘विर्तुस प्रोबी आउग.’ असा लेख आहे. येथे सम्राटाचे नाव षष्ठीत गेले आहे आणि प्रथमेत ‘विर्तुस’ म्हणजे शौर्य हा शब्द आहे. हा लेख सामान्यतः मागील बाजूवरील देवतेस शोभणारा. तो दर्शनी बाजूवर येताच समोरची मुखाकृती प्रोबसची राहूनही प्रोबसच्या शौर्याची मूर्ती बनते. सेर्दिका येथील काही नाण्यांवर ‘पेर्पेतुओ इम्प. प्रोबो आउग.’ असा चतुर्थ्यन्त लेख आहे. तेथे नाणे सम्राटाला अर्पण केल्याचा भाव येतो. प्रथमा, षष्ठी आणि चतुर्थी या तीन विभक्तींत राजसत्तेचे तीन निरनिराळे संबंध व्यक्त झाले आहेत, आणि हे तिन्ही पुरावे सोन्यात नसून हलक्या धातूच्या नाण्यांत आहेत.

तिकिनुम टाकसाळीची आणखी एक मालिका उल्लेखनीय आहे. तेथील सहा विभागांनी काढलेल्या नाण्यांवर प्रत्येकी एक सुटे अक्षर आहे. विभागांच्या क्रमाने ती अक्षरे लावली असता ‘एक्विती’ असा शब्द तयार होतो. त्याच्या अर्थाविषयी विद्वानांत एकमत नाही. परंतु एकेकट्या नाण्यात नसलेला शब्द सहा नाण्यांच्या समूहात प्रकट होतो, ही गोष्ट संग्रह म्हणजे काय हे समजावून देण्यास पुरेशी आहे.

४. चौथ्या शतकातील काही मुखाकृती

चौथ्या शतकातील लहान ताम्रनाणी तर याहूनही सुलभ आहेत. कॉन्स्टन्टाइनचा ज्येष्ठ पुत्र क्रिस्पस याची ट्रीअर टाकसाळीची, ३२१ ते ३२३ या काळातील नाणी पाहावीत. त्यांपैकी काहींवर हा तरुण डावीकडे पाहत भाला व ढाल घेऊन उभा ठाकलेला आहे. ३२६ मध्ये पित्याच्याच आज्ञेने त्याचा वध झाला आणि शिलालेखांतून त्याचे नाव खोडण्यात आले. दगडावरील नाव पुसता आले. लोकांच्या कनवटीला गेलेली नाणी परत गोळा करता आली नाहीत.

३३० मध्ये कॉन्स्टँटिनोपलची प्रतिष्ठापना झाली, त्या सुमारास निघू लागलेल्या दोन प्रकारांच्या नाण्यांवर सम्राट मुळीच नाही. एकावर ‘ऊर्ब्स रोमा’ व दुसऱ्यावर ‘कॉन्स्तान्तिनोपोलिस’ असा लेख असून दोन्हींवर शिरस्त्राण घातलेली, डावीकडे पाहणारी नगरदेवता आहे. सम्राटाच्या जागी नगरीला बसविणारे हे नाणे मुखाकृतींच्या संग्रहात अवश्य असावे, कारण नियमाची सीमा तेथे कळते. प्राचीन नाण्यांपैकी अत्यंत स्वस्त नाण्यांत त्याची गणना होते.

कॉन्स्टन्टाइन ३३७ मध्ये निवर्तल्यावर त्याच्या पुत्रांनी काढलेले नाणे तर लहान आकारात मोठा आशय सामावणारे आहे. दर्शनी बाजूवर मृत सम्राटाचे मस्तक वस्त्राने आच्छादिलेले आहे. लेखात त्यास जुन्या रोमन प्रथेनुसार ‘दिवुस’ म्हणजे देवत्व पावलेला म्हटले आहे. मागील बाजूवर तो चार अश्वांच्या रथातून वर जात आहे आणि आकाशातून एक हात त्याला घेण्यासाठी पुढे आला आहे. या नाण्याचे वर्णन कॉन्स्टन्टाइनचा समकालीन चरित्रकार युसेबियस याने करून ठेवले आहे. त्याच चरित्रात सुवर्णनाण्यावरील, नजर वर लावलेल्या कॉन्स्टन्टाइनच्या मुखाकृतीचाही उल्लेख असून ती प्रार्थनेची मुद्रा असल्याचे तो सांगतो. ही ऊर्ध्वदृष्टी अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजांच्या प्रतिमांतही आढळते, हे मात्र विसरू नये. सुवर्णनाणे सामान्य अभ्यासकाच्या आवाक्याबाहेरचे आहे; रथाचे ताम्रनाणे नाही. ग्रंथातील वचन आणि हातातील वस्तू यांचा असा मेळ एवढ्या अल्प मोलात इतरत्र क्वचितच साधेल.

३४८ नंतरच्या ‘फेल. तेम्प. रेपारातिओ’ या घोषवाक्याच्या नाण्यांपैकी, झोपडीतून एका लहान व्यक्तीस बाहेर नेणारा सैनिक ज्यांच्या मागील बाजूवर आहे, त्यांवर सम्राट डावीकडे पाहत हाती भूगोल धरून आहे. ज्यूलियनची नाणी वेगळ्या कारणाने लक्षणीय ठरतात. ३५५ ते ३६१ या काळात, युवराजपदी असताना, तो नाण्यांवर दाढीविना आहे. सम्राट झाल्यावर त्याच्या मुखावर तत्त्वज्ञाची दाढी येते. अँटिऑकच्या नागरिकांनी तिची टर उडविली, तेव्हा त्याने ३६३ मध्ये ‘मिसोपोगोन’ म्हणजे ‘दाढीद्वेष्टा’ हा उपरोधपूर्ण निबंध लिहिला. त्याची वृषभाच्या छापाची मोठी नाणी महाग आहेत. परंतु नवसाच्या लेखाच्या लहान नाण्यांवरही शिरस्त्राण, भाला, ढाल आणि दाढी ही सर्व लक्षणे सापडतात.

राहता राहिली समोरून दाखविलेली मुखाकृती. तिसऱ्या शतकात ती अतिदुर्मिळ असून तिच्या वाटेस अल्पव्ययी संग्राहकाने जाऊ नये. तथापि आर्केडियसच्या सुमारे ४०१ ते ४०३ या काळातील, ‘कॉन्कॉर्दिया’ या शब्दाने सुरू होणाऱ्या लेखाच्या ताम्रनाण्यांवर शिरस्त्राणधारी सम्राट जवळजवळ समोरून पाहतो, आणि ती नाणी दुर्लभ नाहीत. याच काळात पूर्वेकडील सुवर्णनाण्यांवर ही मुद्रा रूढ होत होती; पुढे जस्टिनियनने राज्याच्या बाराव्या वर्षी, म्हणजे ५३८–३९ मध्ये, मोठ्या ताम्रनाण्यावरही समोरची मुखाकृती आणली. एके काळचे चिन्हित रूप अशा रीतीने अचिन्हित बनले. भाषेतही असे होत असते : आरंभी विशेष प्रसंगी वापरलेले रूप रुळत जाऊन सामान्य होते आणि जुने सामान्य रूप मागे पडते.

५. निवड, पारख आणि जतन

वर सांगितलेल्या नाण्यांतून दहा नाण्यांचा एक सुसंगत संग्रह सिद्ध होऊ शकतो : प्रोबसची तीन, गॅलिएनसची पत्नी सालोनिना हिचे चंद्रकोरीचे एक, क्रिस्पसचे एक, नगरदेवतेचे एक, मृत कॉन्स्टन्टाइनचे एक, भूगोलधारी मुखाकृतीचे एक, ज्यूलियनचे एक आणि आर्केडियसचे एक. ही दहा नाणी एकदम घेण्याचे कारण नाही. वर्षाकाठी दोन नाणी घेणारा अभ्यासकही पाच वर्षांत हे साधू शकेल, आणि दोन खरेदींमधील काळ वाचनात जाईल.

विक्रेते किंमत ठरविताना नाण्याच्या दोन्ही बाजूंचा विचार करतात. मुखाकृती स्पष्ट व मागील बाजू झिजलेली असेल तर किंमत पुष्कळ उतरते. मुखाकृतींच्या अभ्यासकाचे मात्र त्यात विशेष नुकसान होत नाही. तथापि लेख वाचता येईल आणि टाकसाळीची खूण ओळखता येईल, एवढी स्पष्टता असावी. ओतीव बनावट नाण्यांच्या कडेवर साच्याची शिवण, पृष्ठभागावर बारीक छिद्रे आणि अक्षरांच्या कडांचा बोथटपणा आढळतो. दोन नाण्यांवरील ओरखडे व झीज तंतोतंत सारखी असेल, तर ती एकाच साच्यातली समजावीत. झिजलेल्या नाण्यावर डोळे, केस किंवा ढालीवरील नक्षी नव्याने कोरून ते अधिक मोलाचे दाखविण्याचाही प्रकार होतो. वेगळ्या मुखाकृतींच्या बाबतीत याविषयी विशेष सावध राहिले पाहिजे.

ताम्रनाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसू लागल्यास ती क्षारजन्य व्याधी समजावी. असे नाणे इतरांपासून दूर व कोरडे ठेवावे. चिंच, लिंबू अथवा कोणतेही आम्ल लावून प्राचीन नाणे उजळविणे म्हणजे त्याचा पुरावा नष्ट करणे होय. कॅरॉसियस, डायोक्लेशन आणि मॅक्सिमियन या तिघांच्या मुखाकृती एकापुढे एक दाखविणारे व ‘कॅरॉसियस आणि त्याचे बंधू’ असा लेख असणारे नाणे यांसारख्या अतिदुर्मिळ नमुन्यांसाठी संग्रहालये व त्यांच्या सूची आहेतच. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या पुढाकाराने सिद्ध झालेली रोमन साम्राज्यकालीन नाण्यांची संगणकीय सूची सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे. किंबहुना एकही नाणे विकत न घेता केवळ तिच्या आधारे मुखाकृतींचे वर्गीकरण करणे हा उत्तम आरंभ होय.

६. स्वस्त नाण्याचे उत्तरदायित्व

येथवरचे विवेचन ‘काय घ्यावे’ याचे झाले. ‘काय घेऊ नये’ हा प्रश्न अधिक गंभीर आहे. बहुमोल सुवर्णनाणे विकले जाते तेव्हा त्याची छायाचित्रे, वजने आणि पूर्वीच्या मालकांची नावे बहुधा नोंदली जातात. दहा-वीस हजारांच्या निधीतील एका झिजक्या नाण्याची नोंद कोण ठेवणार? त्यामुळे जे नाणे सर्वांत स्वस्त, तेच आपल्या जन्मस्थानापासून सर्वांत पूर्णपणे तुटलेले असते.

या तुटण्यात काय हरवते, हे इंग्लंडमधील फ्रोम येथील निधीवरून दिसून येते. एप्रिल २०१० मध्ये धातुशोधक यंत्र वापरणाऱ्या एका गृहस्थाला तेथे मातीचे भांडे लागले. त्याने खणणे थांबवून पुरातत्त्वज्ञांना कळविले. त्यांनी भांडे थराथराने रिते केले. त्यात ५२,५०३ नाणी निघाली व त्यांचे वजन सुमारे १६० किलोग्रॅम भरले. कॅरॉसियसची, म्हणजे निधीतील सर्वांत अलीकडची, नाणी वरच्या थरात न सापडता त्यांतील बहुतेक भांड्याच्या मध्याच्या खाली सापडली. वर्षानुवर्षे साठत गेलेल्या पुंजीत नवी नाणी वर असावयास हवी होती. यावरून भांडे एकाच वेळी भरले गेले, असा निष्कर्ष निघाला आणि ती बचत नसून देवतेला केलेले अर्पण असण्याची शक्यता पुढे आली. हा सारा बोध नाण्यांत नव्हता. तो त्यांच्या क्रमात होता. रातोरात भांडे उपसून नाणी विकली गेली असती, तर प्रत्येक नाणे शाबूत राहूनही हे ज्ञान नष्ट झाले असते.

महाराष्ट्रातील अभ्यासकास हे उदाहरण परके वाटण्याचे कारण नाही. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे सापडलेल्या निधीत सव्वातेरा हजारांच्या आसपास रौप्यनाणी होती. ती क्षहरात नहपानाच्या मुखाकृतीची असून त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता. सातवाहनांनी नहपानाची सत्ता मोडली, या घटनेचा हा ठळक पुरावा आहे. एखाददुसरे पुनर्मुद्रित नाणे सुटे सापडते तर तो अपवाद मानला गेला असता; हजारो नाणी एकत्र नोंदली गेली म्हणून तो इतिहास ठरला.

म्हणून अल्पव्ययी संग्राहकाने काही बंधने स्वतःवर घालून घेतली पाहिजेत. मातीसकट घाऊक विकली जाणारी, मूळ न सांगता येणारी नाणी घेऊ नयेत. ती कितीही स्वस्त असली तरी त्यांची खरी किंमत कोणा निधीने मोजलेली असते. पूर्वीच्या संग्रहाची चिठ्ठी वा विक्रीची पावती सोबत असलेले नाणे थोडे महाग पडले तरी तेच घ्यावे आणि ती चिठ्ठी नाण्याइतकीच जपावी. प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंच्या छापांची परस्पर दिशा, लेखाचे वाचन आणि प्राप्तीचा तपशील एका वहीत लिहावा. भारतात जमिनीतून निघालेल्या धनासंबंधी १८७८ चा निखात निधी अधिनियम आणि पुरावस्तूंसंबंधी १९७२ चा अधिनियम आहे. सापडलेली नाणी परस्पर विकणे अथवा देशाबाहेर पाठविणे हा अपराध होय, हे विद्यार्थ्यांनी आरंभीच ध्यानी घ्यावे.

वेगळी मुखाकृती नियमाच्या संदर्भात अर्थपूर्ण होते, तसेच नाणे त्याच्या निधीच्या संदर्भात अर्थपूर्ण होते. पहिला संदर्भ संग्राहक आपल्या निवडीने निर्माण करू शकतो. दुसरा एकदा मोडला की कोणत्याही मोलाने परत मिळत नाही. दहा नाण्यांच्या संग्राहकाजवळ पैसा थोडा असेल. त्याच्या वहीतील नोंदी नीट असल्या, तर पुढील अभ्यासकाला त्या दहा नाण्यांपासून सुरुवात करता येईल.